बिविल्डर्ड म्हणजे गोंधळलेला नव्हे

भाऊजी, आधी कबुली देतो, मग बाकीचं बोलू. तुमच्या अंत्यविधीला मी लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या.

तुम्ही तिथे होतात, पण तुमचं लक्ष नसावं, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्याकडे स्मशानात अग्नी दिल्यावर लगेच कोणी घरी जात नाही. लोक पायऱ्यांवर बसतात, चार माणसं चार शब्द बोलतात, शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि मग पांगायचं. बोलणाऱ्यांची नावं पुकारायला कोणीतरी लागतो. तुमच्या थोरल्या बंधूंनी माइक माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "सुधाकर, तूच घे. तुह्यं रोजचंच काम हाय."

रोजचंच आहे. अकोल्यात इतकी वर्षं मी लग्नांचे स्वागत समारंभ, शाळांची गॅदरिंगं, निरोप समारंभ, झालंच तर एका आटाचक्कीचं उद्घाटन, सगळ्यांचं सूत्रसंचालन करत आलो. माइक हातात आला की तोंड आपोआप चालू होतं. डोकं मागून येतं, कधीकधी येतही नाही.

पहिले तिघे नीट पार पडले. तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक बोलले, एक जुनी विद्यार्थिनी बोलली, शेजारच्या वकीलसाहेबांनी डोळे पुसले. आता मला म्हणायचं होतं, "आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या." त्याऐवजी मी म्हणालो, "आणि आता, ज्यांना ऐकायला आपण इतका वेळ थांबलो आहोत, ते आपले लाडके सर. जोरदार टाळ्यांनी त्यांचं स्वागत करू या." तेवढ्यावरही थांबलो नाही. किंचित वाकून, डावा हात लांब करून, त्या बाजूला वळलोसुद्धा.

त्या बाजूला तुमची चिता होती.

मागच्या पायऱ्यांवरच्या तुमच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी टाळ्या म्हटलं की टाळ्या, अशी त्यांना तुम्हीच शिस्त लावलेली. त्यांचं ऐकून पुढच्यांनी वाजवल्या. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं आणि टाळ्या एकेक करून विझल्या. वकीलसाहेबांच्या वडिलांना कमी ऐकू येतं, ते बराच वेळ एकटेच वाजवत होते.

माझी ताई, तुमची बायको, तीही आली होती. "मी येनारच," असं तिने घरीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ती उठली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडीकडे चालू लागली. त्यानंतर बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज अकोल्याहून फोन करायचो, ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायची.

या बारा दिवसांत माझ्या त्या कृत्याला प्रत्येकाने आपापला शब्द लावला. थोरले बंधू म्हणाले, "याले माइक दिसला का भान राहत नाही." आमची ही म्हणाली, "सवयीनं झालं, तसं सांगून मोकळे व्हा." चुलतभावाने माझी बाजू घेतली, "कन्फ्यूज झाला असन बिचारा." भाऊजी, यातला एकही शब्द मला बसेना. आणि कोणता बसतो हे सांगू शकणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस होता. त्याच्याच चितेपुढे मी टाळ्या वाजवायला लावून बसलो होतो.

तुम्हाला आठवतं, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा काय अवतार होता? बारावीला इंग्रजीत नापास. तुमच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. वडिलांनी मला अमरावतीच्या बसमध्ये बसवलं आणि सांगितलं, "जवाई मास्तर आहेत. शिकला तर शीक, नाहीतर बहिणीची भांडी घास." मी दोन्ही केलं. राजापेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत तुमचा क्लास होता. खाली दिवसभर पातेल्यांवर नावं कोरण्याची टकटक, रस्त्यावर दुचाक्यांचे हॉर्न, आणि वर तुम्ही फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून, खडू ठेवून, हाताची घडी घालून उभे. अर्थ सांगायचाच नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणायचात, "अर्थ मी सांगितला तर तो माझा होईल. तुम्हाला घडलेलं सांगा, मग मी सांगतो तो शब्द तुमचा झाला का."

त्या दिवशी फळ्यावर 'बिविल्डर्ड' होतं. एकेक जण उठून स्वतःचा किस्सा सांगायचा आणि तुम्ही न्यायाधीशासारखा निकाल द्यायचात. एक मुलगा म्हणाला, बसस्टँडवर परतवाड्याच्या दोन गाड्या लागल्या होत्या, कोणत्या गाडीत चढू ते कळेना. तुम्ही म्हणालात, "कन्फ्यूज्ड. दोन रस्ते आहेत आणि निवडता येत नाही. बस." दुसऱ्याने गणिताचं उदाहरण सांगितलं. "पझल्ड. कुठेतरी उत्तर आहे हे तुला माहीत आहे, मजाही येते आहे. बस." मी छाती काढून उठलो आणि माझा बारावीचा निकाल सांगितला. पास होणारच अशी खात्री होती, बोर्डवर नंबर नव्हता, पायाखालची जमीन सरकली. वर्णन इतकं रंगवलं की मागच्या बाकावरच्या मुलीने रुमाल काढला. तुम्ही शांतपणे विचारलंत, "अभ्यास केला होता?" मी म्हणालो, "नाही." तुम्ही म्हणालात, "मग कशाचं बिविल्डर्ड? अपेक्षित. बस."

पण त्या क्लासमध्ये निवृत्त झालेले एक बँकेचे कारकूनही यायचे. ते संकोचत उठले. म्हणाले, "सर, रिटायर झालो. दुसऱ्या दिवशी सवयीनं स्कूटर काढली आणि बँकेत जाऊन पोचलो." तुम्ही म्हणालात, "अॅब्सेंट-माइंडेड. बसा." ते बसले नाहीत. म्हणाले, "तसं नाही सर. गार्डनं मला सलाम केला आणि विचारलं, साहेब, आज काय काम काढलं? मी तिथं उभाच. काम काय, तेच मला आठवेना. अडतीस वर्षं जिथं गेलो तिथं मी कशाला येतो, हे त्याला काय सांगू?" तुम्ही फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "काका, हा तुमचा."

मग तुम्ही सांगितलंत की या शब्दाच्या पोटात रान आहे. कोणीतरी माणसाला रानात नेऊन सोडलं आणि त्याला वाटच उरली नाही, अशातून हा शब्द आला. कन्फ्यूज्ड माणसापुढे वाटा जास्त होतात, बिविल्डर्ड माणसापुढे एकही नसते. मेळघाटात भरदिवसा उभं केलं तर कसं वाटेल, तसं. मी त्या दिवशी पहिल्यांदा इंग्रजी शब्द पाठ न करता घरी नेला.

आणि त्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं, ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हणायचो, याला मराठीत शब्द आहे. तुम्ही म्हणायचात, नाही. मी जेवताना एकेक वाढत जायचो, ताई पोळ्या वाढायची आणि मी शब्द. भांबावलेला. "त्यात घाई आहे." गांगरलेला. "त्यात भीती आहे." बावचळलेला. "तो तू आहेस, रोज." बुचकळ्यात पडलेला. "तो बाहेर येतो, डोकं पुसून." शेवटी मी हुकमाचं पान टाकलं: चकवा लागलेला. आपल्या गावाकडे ओळखीच्या वावरात माणूस गोल गोल फिरत राहतो आणि स्वतःचाच बांध त्याला ओळखू येत नाही. रान आहे, वाट नाही, अजून काय पाहिजे?

तुम्ही घास हातात धरून बराच वेळ विचार केलात. ताई म्हणाली, "आधी खा, मंग हारा." तुम्ही घास खाल्लात आणि म्हणालात, "चकवा कोनीतरी लावते. मानूस उठून सांगू शकते, मले चकव्यानं फिरवलं. बिविल्डर्ड मानसाजवळ ठपका ठेवाले कोनीच नसते, साळेबुवा." क्लासच्या बाहेर तुमची भाषा वऱ्हाडी व्हायची आणि तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

स्वतःवरही तुम्ही हा नियम चालवलात, ते मी कौंडण्यपूरच्या जत्रेत पाहिलं. मला तिथे हरवलेल्यांची नावं पुकारायला बसवलं होतं. तुम्ही दोघं जत्रा पाहायला आलात, आणि थोड्या वेळाने ताई एकटीच मंचाशी आली. "तुहे भाऊजी हरवले." मी माइक घेतला आणि मनापासून वर्णन केलं, नाव सांगायचं तेवढं विसरलो: वय पन्नासच्या आसपास, पांढरा शर्ट, काळी पँट, चष्मा, हातात कापडी पिशवी, चेहरा काहीतरी आठवत असल्यासारखा, असतील तिथून मंचाकडे यावं. पाच मिनिटांत सात जण आले. सातही जण पांढऱ्या शर्टात, पिशवी घेऊन, काहीतरी आठवत. त्यातल्या दोघांना त्यांच्या बायका खरंच शोधत होत्या. तुम्ही त्यात नव्हतात.

तुम्ही सापडलात रसवंतीपाशी, नेमके कर्ण्याखाली. ताई तुमच्यावर धावूनच गेली. "इतकं पुकारून राह्यला तो, आयकू नाही आलं?" तुम्ही म्हणालात, "आलं ना. मी आयकत होतो. वाटलं, कोन बिचारा हरवला. मीबी जरासा इकडंतिकडं पाह्यलं त्याच्यासाठी. मंग हातातल्या पिशवीकडं नजर गेली." आणि माझ्याकडे वळून, भर जत्रेत, क्लास सुरू केलात. "सुधाकर, सात मानसं पाहून तुले झालं ते कन्फ्यूज्ड. मले झालं ते बिविल्डर्ड. एक मिनिट मी कोन हेच मले माहीत नव्हतं."

"अन् मी?" ताईने विचारलं.

"तू अॅनॉइड," तुम्ही म्हणालात, आणि तिला उसाचा रस पाजलात.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोललो नाही. माझा धंदा मोठमोठ्या शब्दांचा. पण स्टेजवर 'अविस्मरणीय' म्हणताना आजही माझी जीभ क्षणभर थांबते, कारण तुम्ही एकदा पहिल्या रांगेत बसून नंतर विचारलं होतंत, "खरंच इसरनार नाही का तू?" तेव्हापासून मी तो शब्द कमी वापरतो. संयोजक म्हणतात, तुमचं संचालन अलीकडे फार मनापासून वाटतं. त्यांना मी सांगत नाही की मागे तुम्ही उभे असता.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं, तुम्ही जाण्याच्या आठ दिवस आधी. माझ्या मुलीला मुलगी झाली होती. मी तुम्हाला बातमी द्यायला नव्हे, खटला दाखल करायला फोन केला होता. म्हणालो, "भाऊजी, तुम्ही म्हणता बिविल्डर्ड माणूस दुःखी असतो. मी आज आनंदात झालो." तुम्ही म्हणालात, "त्याले ओव्हरजॉइड म्हनते." मी म्हणालो, "आधी पुरावा ऐका. नर्सनं बाळ माझ्या हातात दिलं आणि विचारलं, तुम्ही बाळाचे कोण? आणि मी म्हणालो, मी सूत्रसंचालक."

मला वाटलं फोन कटला. मग तुमचं ते गालातल्या गालात दबलेलं हसू आलं आणि तुम्ही म्हणालात, "विचार करून सांगतो."

भाऊजी, इतक्या वर्षांत तुम्ही मला हे वाक्य पहिल्यांदा म्हणालात. मी दिवसभर अकोल्यात ते मिरवत फिरलो. तुम्ही विचार केलात की नाही, कळायला आता मार्ग नाही.

तर त्या बारा दिवसांनंतर तुमची तेरवी आली. भावाने माहेरची साडी न्यायची असते. साडी घेतली, बसमध्ये बसलो आणि मूर्तिजापूरपर्यंत तीन भाषणं तयार केली. पहिल्यात मी सवयीवर ढकललं होतं, दुसऱ्यात सगळ्यांची माफी होती, तिसऱ्यात तर तुमची थोरवीच होती. ओठ हलत असावेत, कारण शेजारचे गृहस्थ म्हणाले, "दुखून राह्यलं का काई तुमाले?" मला भीती एकच होती. मी जन्मभर इतकी नाटकं केली आहेत की खरं बोललो तरी ताईला ते नाटकच वाटेल. ती साडी माझ्या हातातून घेणार नाही. आणि वडील गेल्यापासून मला माझ्या जागी बसवणारी ती एकच आहे.

ताई आतल्या खोलीत होती. मी साडी तिच्यासमोर ठेवली. तिने ती घेतली नाही, सरकवलीही नाही.

"ताई, तुले सांगतो..."

"भाषन नको देऊ."

तिन्ही भाषणं तिथेच गेली. मग माझ्याजवळ एकच वाक्य उरलं. "मले वाटलं ते येतील."

तिने मान वर केली.

"खरंच वाटलं. नाव पुकारलं अन् वाटलं, आता चष्मा पुसत उठतील, माइक घेतील अन् पयले मह्या चुका काढतील. लय आनंद झालता मले, ताई. एवढासाच. मंग तिकडं पाह्यलं."

ताईने साडीच्या घडीवरून हात फिरवला. "तू हात केला ना तिकडं."

"हाव."

"सारे तुह्याकडं पाहून राह्यले होते."

"हाव ना. म्हनून तं..."

"मी तुह्याकडं नव्हती पाहत. मी तिकडं पाह्यलं." तिने मान खाली घातली. "मले वाटलं, येऊनच राह्यले. पदर सारखा केला मी."

भाऊजी, मी गप्प बसलो. माझी गप्प बसण्याची सवय तुम्हाला माहीत आहे, नाहीच. पण बसलो.

"मंग उठून गेली मी," ताई म्हणाली. "कोनी पाह्यलं असतं तं काय म्हनलं असतं? बाई वेडी झाली."

"अन् बारा दिवस बोलली नाही ते?"

"तुले काय सांगू? तू साऱ्या अकोल्यात सांगत फिरला असता."

मी म्हणालो, छे, मी असा आहे का? ती म्हणाली, "हाव." आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मला हसू आवरेना, मग तिला आवरेना, आणि तेरवीच्या घरात आम्ही दोघं बहीणभाऊ तोंडावर तीच नवीकोरी साडी दाबून हसत बसलो. (हे लिहू का, असं तिला विचारलं आहे. म्हणाली, "लिही, पन पदराचं नको लिहू." तेवढं मी ऐकलेलं नाही.)

आता निकाल तुमच्याकडे. आनंद होता, वाट नव्हती, आणि ठपका ठेवायला कोणी नव्हतं. तुमच्या दोन कसोट्या आणि माझी एक, तिन्ही पाहा. मी तर म्हणतो शब्द माझा झाला, आणि माझ्या आधी ताईचा झाला, जी आयुष्यभर "मले इंग्लिश येत नाही" म्हणत पोळ्या वाढत राहिली. तुम्ही 'विचार करून सांगतो' म्हणालात तर मी थांबायला तयार आहे.

तर आम्ही तसे हसत असतानाच थोरले बंधू दारात आले. आमचे चेहरे पाहून त्यांनी नजर वळवली आणि ताईला म्हणाले, "बाहेर चार जनं बोलनार हायेत. नावं पुकाराले शाळेतल्या त्या सरायले सांगितलं मी."

"सुध्या पुकारीन," ताई म्हणाली.

"याले? पुन्हा?"

"हाव. पुन्हा."

ते मान हलवत गेले. मी हळूच म्हणालो, "ताई, पुन्हा चुकलो तं?"

"चुकशील तं चुकशील," ती साडी उचलत म्हणाली. "जाय."

मी बाहेर आलो आणि माइक घेतला. एकेक नाव पुकारलं. एकेक जण बोलून बसला. शेवटचं नाव संपलं आणि दोन मिनिटं उभं राहायला सांगायचं तेवढं उरलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, थोरले बंधू तर डोळे वटारून, आता हा काय करतो म्हणून. ताई बायकांत बसली होती. ती एकटीच माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती आणि हसत होती.